म्हाकू आबांची मेंढरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या खेळासाठी लिहिलेली ही एका बैठकीची मोहीम आम्ही कोल्हापुरात खेळतो. ज्या डीएमनी, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्यांनी, ती आपल्या टेबलावर लावली, त्यांचे तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. तुम्ही खेळाडू म्हणून बसणार असाल तर पुढं वाचू नका, सगळं गुपित फुटेल.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार आहे, त्यावरून नकाशा बेतलाय. जांभ्या दगडाचं सपाट माळरान, कडेला कारवीची झुडपं, खाली शेती. नावं बदलली आणि जादू घातली, पण पठार तेच. दिवाळी नुकतीच झालीय. म्हाकू आबा नावाचे धनगर साठ जनावरं घेऊन तिथं उतरलेत. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कळप आत घेतलेला. पहाटे धुक्यात काहीतरी होतं, कळप बुजतो, जाळीचा एक खुंटा उपटतो आणि 21 जनावरं निघून जातात. आबांना उरलेली 39 सोडून हलता येत नाही, म्हणून ते वाटेनं जाणाऱ्या तुमच्या मंडळींना हाक मारतात. दिवस मावळायच्या आत जनावरं परत हवीत, कारण रात्री लांडगे फिरतात.

डीएमसाठी हिशेब असा: 13 मेंढरं आणि काबरी नावाची म्हातारी शेळी जांभ्यातल्या एका खोलगटात, सहा मेंढरं खालच्या गावात एका शेतकऱ्यानं कोंडलेली, आणि एक गाभण मेंढी कारवीत एकटी.

पुस्तकं विकत घ्यावी लागतील का?

नाही. नियमांचा मोफत दस्तऐवज, म्हणजे एसआरडी 5.1, जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. या मोहिमेत लागणारी शेळी, लांडगा, मास्टिफ कुत्रा, ब्लिंक डॉग सगळे त्यात आहेत. आम्ही 2014 चेच नियम धरलेत.

मेंढराचा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) कुठंच सापडत नाही.

शेळीचाच वापरा. एसी (वार लागायला गाठायचा आकडा) 10, एचपी (जीव) 4, वेग 40 फूट, बुद्धी 2. एडक्यालाही तोच, त्याच्या धडकेला शेळीचा चार्ज शोभतो: वीस फूट सरळ धावत येऊन टक्कर दिली की समोरच्यानं डीसी 10 चा स्ट्रेंथ सेव्ह (ताकदीच्या फाशावर किमान 10 आणायचे) टाकायचा, नाहीतर आडवा. पहिल्या पातळीचा विझार्ड एडक्यापुढं आडवा झाला की टेबलावर जो हशा पिकतो त्याला तोड नाही.

आमचे खेळाडू मेंढरांमागं पळतच सुटले आणि दीड तास त्यातच गेला. काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. खेळाडूंना वाटतं, 21 जनावरं म्हणजे गोळा करायच्या 21 वस्तू. एक धर, दावं बांध, दुसरं धर. गणित मांडून बघा. माणसाचा वेग 30, मेंढराचा 40. दोघंही जीव तोडून पळाले तर 60 आणि 80. म्हणजे दर सहा सेकंदाला तुम्ही वीस फूट मागं. दुसऱ्या पातळीचा मंक मात्र बरोबरीनं पळेल. पाठलागाचे फासे टाकत बसलात तर खेळाडू दमतात आणि मेंढरं आणखी लांब जातात, आणि खरं रानसुद्धा हेच सांगतं.

ही मोहीम कळपावर उभी आहे. मेंढराला एकटं राहवत नाही. एकटं पडलं की ते बिथरतं आणि दुसरी दिसली की त्यांच्यात घुसतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, त्यामुळं थेट पाठीमागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. अंगावर चालून गेलात तर ते ठराविक अंतर राखून सरकतं, त्या अंतराच्या आत घुसलात तर उधळतं. खांद्याच्या मागून जवळ गेलात तर पुढं चालतं, खांद्याच्या पुढून आलात तर मागं वळतं. गुराखी पोरं हे न शिकता करतात. आपल्या टेबलावर बसलेल्या पोरांना मात्र ते शोधून काढू द्यायचं.

म्हणून पहिला पाठलाग खुशाल होऊ द्या, पण एकच फेरी. मग सांगा: तुम्ही थांबलात, तशी मेंढरंही थांबली. तीस-चाळीस पावलांवर उभी राहून तुमच्याकडं बघतायत. काबरीनं मान खाली घातली आणि चरायला लागली, मग एकेक करून बाकीच्यांनीही घातली. एवढं वर्णन पुरतं. टेबलावर कुणीतरी एक म्हणतोच, "अरे, ती शेळी काय करते बघा की."

त्यानंतर हाकायचे नियम सोपे आहेत. एक जण काबरीला घेऊन पुढं, दोघं बाजूंना, एक मागं. सगळ्यांनी अॅनिमल हँडलिंगचा ग्रुप चेक टाकायचा, डीसी 10. निम्मे पास झाले की कळप चालतो. काबरी बरोबर नसेल तर डीसी 15. कुणी आरडाओरडा केला, तलवार उपसली किंवा घाई केली तर त्याला डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. फेल झालात म्हणजे कळप उधळला असं नव्हे. तो ओढ्याशी अडतो, नाहीतर भलत्याच पायवाटेला लागतो. पूर्ण उधळण फक्त एकदाच ठेवा, आणि तीही खेळाडूंनी ओढवून घेतली तरच.

शेळी मेंढरांची म्होरकी कशी?

मेंढरांच्या कळपात चार-दोन शेळ्या ठेवायची धनगरांची रीतच आहे. दूध मिळतं, कोकरांना पाजता येतं, आणि शेळी धीट असल्यानं ओढा, घळ, अनोळखी वाट तिनं आधी पार केली की मेंढरं मागोमाग येतात. आमच्या कळपात मुद्दाम एकच शेळी ठेवलीय. का ते मंत्रांच्या उत्तरात कळेल.

माग काढायचे डीसी काय ठेवायचे?

नियमांतलेच. माती-गवतावर 15, उघड्या खडकावर 20, मधे गेलेल्या प्रत्येक दिवसाला 5 वाढवा. इथं मेंढरं त्याच पहाटे गेलीत, तेव्हा वाढ नाही. जांभ्याच्या कातळावर 20 पडतो आणि पहिल्या पातळीची मंडळी तिथं हमखास अडतात. अडली की दुसरे पुरावे द्या: ताज्या लेंड्या, कारवीच्या फांदीत अडकलेली काळी लोकर, आणि धुक्यातून मधूनच येणारा काबरीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज. घंटेसाठी परसेप्शन डीसी 12 पुरे. पण आवाज धुक्यात फसवतो, म्हणून जेमतेम पास झालेल्याला फक्त दिशा सांगा, अंतर नको.

मंत्रांनी मोहीम पाच मिनिटांत संपत नाही का?

नाही. उलट मंत्रच खरी मजा आणतात. एकेक घेऊ.

लोकेट अॅनिमल्स ऑर प्लँट्स हा दुसऱ्या पातळीचा मंत्र पाच मैलांतल्या त्या जातीच्या सर्वांत जवळच्या प्राण्याची दिशा आणि अंतर सांगतो. पार्टी तिसऱ्या पातळीची असेल तर ड्रुइड तो मोठ्या ऐटीत टाकतो, "मेंढी शोधतो" म्हणतो, आणि मंत्र बोट दाखवतो ते आबांच्या वाघरीतल्या 39 मेंढरांकडं! ड्रुइडचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो. पण ज्यानं आबांशी नीट गप्पा मारल्यात, काबरीबद्दल विचारलंय, तो म्हणतो, "मेंढी नको, शेळी शोध." वाड्यावर (आबांच्या मुक्कामावर) दुसरी शेळी नाही आणि गावातल्या शेळ्या पठाराखाली, काबरीपेक्षा लांब. मंत्र थेट काबरीकडं नेतो. असं डोकं चालवणाऱ्याला इन्स्पिरेशन द्यायला हात आखडू नका.

स्पीक विथ अॅनिमल्स दहा मिनिटं चालतो आणि रिच्युअल म्हणून (सावकाश विधी करून) टाकला तर मंत्रांचा स्लॉटही जात नाही. प्राण्यानं मागच्या दिवसाभरात जे पाहिलं-हुंगलं ते तो सांगू शकतो, पण बुद्धी 2 च्या हिशेबानं. मेंढराला नावं, आकडे, कारणं कळत नाहीत. आमची काबरी एवढंच सांगते: "कुत्रं. हितं होतं. मग तितं होतं. मधी कुठंच नव्हतं." खेळाडू आधी हसतात. मग एखादा थबकतो, कारण त्यात अख्खं कोडं सुटलेलं असतं.

अॅनिमल फ्रेंडशिप एकट्या काबरीवर टाका, काम होतं. सेव्ह हुकला तर चोवीस तास ती तुमची. मेंढरांवर टाकणं वाया.

स्लीप मात्र हटकून कुणीतरी टाकतो. पहिल्या पातळीला 5d8 (आठ बाजूंचे पाच फासे), सरासरी बावीसच्या आसपास एचपीची जनावरं झोपतात. मेंढराचे एचपी चार, म्हणजे चौदातली पाच आडवी होतात, तीही मिनिटभर, आणि उरलेली नऊ ते बघून चौखूर उधळतात. थंडरवेव्हबद्दल काही लिहीत नाही, तो आवाज तीनशे फुटांवर जातो एवढं लक्षात ठेवा.

फॉरेस्ट नोम जन्मतः छोट्या प्राण्यांशी बोलतो, पण शेळी-मेंढी मिडियम आकारात मोडते, तेव्हा तिथं ती ताकद चालत नाही. नव्यानं जन्मलेल्या कोकराशी चालते. कोकरू काय बोलणार? एकच शब्द. तो तुम्हीच ओळखा.

मग पहाटे नेमकं झालं काय?

ब्लिंक डॉग, म्हणजे क्षणात इथून नाहीसा होऊन तिथं उमटणारा जादूचा कुत्रा. लांडगे वाऱ्याच्या दिशेनं जवळ आले, ते या कुत्र्याला कळलं आणि तो राखणीसाठी थेट वाघरीच्या आत उमटला. हेतू चांगला होता, पण साठ झोपलेल्या जनावरांच्या मधोमध अचानक कुत्रं उभं राहिलं तर कळप बुजणारच. चाळीस फुटांची उडी मारून तो बाहेर, परत आत, परत बाहेर. लांडगे पळाले, आणि मेंढरंही.

लक्षात ठेवा, ब्लिंक डॉग हा फे (परीलोकातला जीव) आहे, बीस्ट (साधा प्राणी) नाही. त्यामुळं वरचे प्राण्यांचे मंत्र त्याच्यावर चालत नाहीत. त्याची बुद्धी 10, म्हणजे पार्टीतल्या बार्बेरियनइतकी तरी नक्की. त्याला सिल्व्हन ही फे लोकांची भाषा समजते, बोलता येत नाही. सिल्व्हन येणारं कुणी नसेल तर खाणाखुणा, इनसाइट, थोडी भाकरी. बहुतेक टेबलांवर शेवटी त्याला आबांच्या वाड्यावर ठेवून घेतात. आबांचा जुना कुत्रा गेल्या पावसाळ्यात गेला, हे आधीच कानावर घाला म्हणजे ते ओढूनताणून वाटत नाही.

शेतकऱ्यानं सहा मेंढरं कोंडलीत. खेळाडू म्हणतात रात्री चोरून आणू. आणू द्यायची का?

आणू द्या. पण त्याचा त्रास आबांना होणार हे दाखवा. आबा दरवर्षी याच वाटेनं येतात आणि गावानं एकदा वाट बंद केली की कळपाला चारा कुठला?

माझ्या मते मोहिमेतला सर्वांत रंगणारा प्रसंग हाच, लांडग्यांचा नव्हे. शेतकरी खलनायक नाही. त्याची कोवळी ज्वारी या सहा जणींनी खाल्लीय, नुकसान डोळ्यांसमोर आहे आणि गावच्या कोंडवाड्यात जनावरं नेली तर मालकाला दंड बसेल हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो चिडून बोलतो आणि त्याचं बोलणं खरं असतं. "मेंढरं तुमची न् रान माझं. माझ्या रानाला कुणी आबा हाय का?"

इथं नुसता परस्वेजनचा फासा टाकून मिटवू नका. खेळाडूंनी काहीतरी देऊ करायला हवं. नाणी चालतात, पण शेतकऱ्याला त्याहून मोलाचं काय आहे ते वाड्यावर आबांनी सहज बोलून दाखवलेलं असतं: मेंढ्या बसवणं. रिकाम्या रानात कळप रात्री मुक्कामाला बसला की लेंडी-मुताचं खत आयतं पडतं, आणि त्यासाठी शेतकरी धनगराला धान्य-पैसा देतात. ज्वारीशेजारी त्याचं मोकळं वावर आहे. "आबा दोन रात्री कळप बसवतील, धान्य घेणार नाहीत," असं कुणी म्हणालं की डीसी 18 वरून सरळ 10 वर आणा. मात्र आबांना न विचारता शब्द दिला असेल तर वर गेल्यावर त्यांची बोलणी खायची तयारी ठेवा.

यात एक घड्याळही लपलंय. वाढीला लागलेली कोवळी ज्वारी जनावरांना विषारी असते, तिच्यात प्रुसिक अॅसिड तयार होतं. सहातली एक मेंढी तोंडाला फेस आणून थरथरत उभी आहे. नेचर किंवा मेडिसिन, डीसी 13. पॅलाडिन ले ऑन हँड्सचे पाच गुण खर्चून विष उतरवू शकतो, लेसर रिस्टोरेशनही चालतो. शेतकऱ्याच्या देखत तिला वाचवली तर अर्धं भांडण तिथंच मिटतं, कारण मेलेल्या मेंढीचं काय करायचं या काळजीत तोही असतो.

मोजदाद जुळत नाही. 21 हरवली, परत 22 आली. चूक आहे का?

चूक नाही. मेंढी विण्याच्या वेळी कळपापासून बाजूला होते. कारवीतली गाभण मेंढी तशीच गेलीय आणि खेळाडू पोचतात तेव्हा कोकरू जमिनीवर असतं, ओलं, पाय लटपटतायत, मेंढी चाटतेय. त्यांना लगेच उचलू देऊ नका. मेंढी कोकराला वासावरून ओळखते आणि पहिल्या चाटण्यातच ते नातं जुळतं. मधेच उचललं तर ती नंतर पाजायला नाकारू शकते. थांबायचं, आणि तिकडं दिवस कलतोय. तो ताण फार छान चालतो. नवं कोकरू तीन किलोच्या आसपास, म्हणजे मेज हँडच्या दहा पौंडांत बसतं. हवेत तरंगणाऱ्या कोकरामागं ओरडत येणारी मेंढी आमच्याकडं नेहमी दिसते.

लांडगे किती?

पहिल्या पातळीचे चार खेळाडू असतील तर दोन. तीन केले की त्याच पार्टीला लढत एकदम कठीण होते, पॅक टॅक्टिक्समुळं (जोडीदार जवळ असला की त्यांचा वार सहज लागतो) तर आणखीच. लांडग्याला मेंढरू हवंय, मारामारी नको. एक जखमी झाला की दुसरा निघून जाऊ द्या.

एकानं मेंढरू कापून तांबडा-पांढरा करूया म्हटलं.

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच! आम्ही असं ठरवलंय की पात्रानं म्हटलं तर म्हणू द्यायचं, आबा ऐकतात आणि काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. खरंच कापलं तर मोजदादीत एक कमी. लपवता येत नाही, कारण आबा आकड्यानं मोजत नाहीत, तोंडावळ्यानं ओळखतात. "ती कानतुटकी कुठाय?" असं त्यांनी विचारलं की टेबल गप्प होतं. जेवायचं असेल तर खेळ संपल्यावर सगळे मिळून बाहेर जा.

बक्षीस काय द्यायचं? शंभर नाणी?

आबा कुठून देणार? नियमांतल्या दरानं मेंढी दोन सोन्याची नाणी, शेळी एक. हरवलेल्या अख्ख्या ऐवजाची किंमत 41. (त्याच यादीत पौंडभर मिरीही दोन नाण्यांना आहे, म्हणजे एक मेंढी बरोबर एक पौंड मिरी. कोल्हापूरकरांनी हा दर मनावर घेऊ नये.)

आम्ही घोंगडं देतो. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड. तिचं सूत काढून सणगर विणकर पट्टी विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात. तसं घोंगडं अंगावर असेल तर थंडी आणि पावसाच्या सेव्हवर अॅडव्हान्टेज, हा आमचा घरचा नियम. शिवाय पुढच्या कुठल्याही धनगरवाड्यावर म्हाकू आबांचं नाव सांगितलं की भाकरी आणि निवारा. लांब चालणाऱ्या मोहिमेत खेळाडू सोनं उडवून मोकळे होतात, हे नाव मात्र जपून वापरतात.

आबांची बोली कशी काढायची?

येत असेल तर बोला, येत नसेल तर साधी मराठी बोला आणि सावकाश. सिनेमातला अडाणी धनगर उभा करू नका. म्हाकू आबांना पाऊस, वारा, गवत, वाटा आणि माणसं पार्टीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतात. त्यांची गंमत करायचीच असेल तर त्यांनी पार्टीची केलेली गंमत ठेवा. प्लेट आर्मर घालून चढण चढणाऱ्या फायटरला ते विचारतात, "पावनं, ऊन लागत न्हाई व्हय?"

बिरोबाला देव म्हणून घालू का?

बिरोबा, म्हणजेच बिरदेव, हे धनगरांचं दैवत, आणि आम्ही ते घातलेलं नाही. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत भंडारा उधळतो, भाकणूक (भविष्य सांगणं) होते. लोकांचा जिवंत देव आहे, त्याला डोमेन आणि मंत्रांची यादी चिकटवणं मला पटत नाही. भंडाऱ्याचा पिवळा रंग, ढोलांचा आवाज, भाकणुकीसारखा एखादा प्रसंग घ्या, देवाचं नाव मात्र स्वतःचं रचा. तुमच्या टेबलावर धनगर समाजातला कुणी असेल तर त्यालाच विचारा, माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देईल.

किती वेळ लागतो? मुलांबरोबर चालेल का?

साडेतीन-चार तास. मुलांबरोबर झकास चालतं. लांडगे लांबून दाखवा, विषबाधेचा भाग हवा तर गाळा. कोकरू ठेवाच.

वेळ संपली आणि सहा मेंढरं अजून खालीच राहिली तर?

दिवस मावळला असं सांगून थांबवा. आबा सापडलेली मोजतात, वाघर बांधतात, खुंटा या वेळी दगडानं ठोकतात. खालची सहा रात्रभर शेतकऱ्याच्या गोठ्यात सुरक्षित आहेत, कारण गोठ्याला भिंती आहेत. पुढची बैठक सकाळी त्याच्या दारात सुरू करा. तोवर विष लागलेल्या मेंढीचा सेव्ह डीएमनं खेळाडूंसमोर उघड्यावर टाकायचा, पडद्यामागं नाही.